सोमचा काठ, तिएराशच्या गढ्या की फ्लँडर्सच्या टेकड्या? उत्तर फ्रान्समध्ये सायकलवर चार दिवस

माझा मावसभाऊ आणि वहिनी जूनमध्ये पॅरिसला यायचं म्हणतात. फोनवर दादाचं म्हणणं सरळ होतं: "पॅरिस चार दिवस बास. नंतरचे चार दिवस बस नको, रांगा नकोत, छत्री उंचावून पुढे धावणारा गाईड नको. सायकल आणि गावं. कुठे जाऊ, एवढंच सांग." दादा बावन्न वर्षांचा आहे आणि रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो. वहिनीने कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही. दादाला किल्ले आणि लढाया हव्यात. वहिनीला जुनी घरं, चांगली बेकरी आणि दुपारी तासभर कुठेतरी टेकायला जागा हवी. ही माहिती मुद्दाम देतोय, कारण पुढची सगळी तुलना यावरच फिरते.

असं विचारलं की सगळे लॉआर नदी सांगतात. तिथले राजवाडे सुंदर आहेतच, पण गर्दीही तशीच. मी उत्तरेला जा म्हणतो. लंडन किंवा ब्रसेल्सला जाणारी गाडी हा सगळा मुलूख तासाभरात मागे टाकते, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तो म्हणजे बीटाची शेतं, पाऊस आणि पहिलं महायुद्ध. त्यातलं काहीच खोटं नाही, पण त्याखाली बरंच काही दडलंय. मी इथे तीन भागांत वेगवेगळ्या वेळी सायकल चालवली आहे: सोम नदीचं खोरं, बेल्जियमच्या सीमेला टेकलेला तिएराश, आणि लील शहराच्या वायव्येचा फ्रेंच फ्लँडर्स. तिन्ही आज ओत-द-फ्रान्स या एकाच प्रांतात मोडतात, पण एकाची सर दुसऱ्याला नाही, आणि चार दिवसांत तिन्ही उरकायचे म्हटले तर एकही धड होणार नाही.

वाट कशी आहे

सोम 245 किलोमीटर लांब, पण तिला कसलीही घाई नाही. उगमच समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत, म्हणजे नदी उतरणार तरी किती? ती पसरते. खोऱ्यात जागोजागी तळी, दलदल, वेताची बेटं, आणि त्यांच्या बाजूने माणसांनी खणलेला कालवा. काम 1770 मध्ये सुरू झालं, मध्ये क्रांती आणि नेपोलियन झाले, आणि कालवा पूर्ण व्हायला 1843 उजाडलं. मालाच्या होड्या घोडे काठावरून दोरखंडाने ओढत, त्या घोड्यांची वाट आता सायकलची वाट झाली आहे. पेरोनपासून समुद्रावरच्या सँ-वालरीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक ठिकाणी डांबर, काही पट्ट्यांत दाबून बसवलेली बारीक खडी. वहिनीसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की चढ नाही आणि मोटारी जवळजवळ नाहीतच. रस्ता चुकायलाही जागा नाही, पाणी एका हाताला ठेवायचं आणि पायडल मारत राहायचं.

तिएराशमध्येही एक अशी सरळ वाट आहे. तिला 'हरित अक्ष' म्हणतात: ग्वीझ आणि इर्सों या गावांमधला जुना लोहमार्ग, रूळ काढून सायकलींसाठी मोकळा केलेला. नॉर्वेपासून स्पेनपर्यंत जाणारा युरोव्हेलो 3 हा मार्गही याच बाजूने जातो. खाली वाझ नदी, दोन्हीकडे कुंपणझाडांनी आखलेली कुरणं, सफरचंदाच्या बागा, गाई. रेल्वेचाच रस्ता असल्यामुळे चढ कसा तो जाणवतही नाही.

पण इथे एक मेख आहे, आणि ती माहिती-पत्रकांत कोणी ठळक करून सांगत नाही. तिएराशला यायचं ते तटबंदीच्या चर्चेससाठी. त्यातली काही वाझच्या काठाने, म्हणजे या वाटेच्या टप्प्यात आहेत: ऑतरेप, सँ-तालजी, आंग्लाँकूर, विमी. सगळ्यात देखणी मात्र दक्षिणेला व्हेर्व्हँच्या आसपास विखुरलेली आहेत, आणि तिकडे लोहमार्ग नाही. तिकडे आहेत गल्लीएवढे अरुंद डांबरी रस्ते, खाली ओढा आणि वर गाव, पुन्हा खाली ओढा आणि पुन्हा वर गाव. कात्रजसारखा सलग घाट कुठेच नाही. पण छोटे छोटे दहा-पंधरा चढ दिवसभरात जमा झाले की मांड्या बोलायला लागतात. सोमकाठी ऐतिहासिक ठेवा आणि वाट हातात हात घालून चालतात, तिएराशमध्ये सोपी वाट एकीकडे आणि ठेवा दुसरीकडे. वहिनीला बॅटरीची सायकल मिळाली तरच दक्षिणेचं वर्तुळ करा.

फ्लँडर्स नकाशावर सपाट दिसतो आणि बहुतांशी आहेही. मधूनच मात्र टेकड्यांची एक रांग उठते. कासेल 176 मीटर, मों-दे-का 164 मीटर. आकडे ऐकून दादा हसेल. पण कासेलला वर जाताना शेवटच्या टप्प्यात रस्त्यावर घडीव दगड येतात आणि सायकल खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. मनगटं सांभाळा, पुढच्या डब्यात अंडी किंवा कॅमेरा ठेवू नका. इथली एक सोय मला फार आवडते: प्रत्येक चौकाला आकडा दिलेला असतो. सकाळी चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत एका आकड्याकडून पुढच्याकडे जायचं. नकाशा उघडावाच लागत नाही. सोमसारखी एकच ठरलेली वाट नसल्यामुळे दिवस हवा तेवढा लहान-मोठा करता येतो.

आणि वारा. उत्तर फ्रान्समध्ये चढापेक्षा वाऱ्याचा हिशेब मोठा. तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. सोम पश्चिमेला वाहते, त्यामुळे समुद्राकडे जाताना नावाला उतार आणि तोंडावर वारा. म्हणून शहाणे लोक आधी रेल्वेने समुद्राकडे जातात आणि सायकलने वर येतात. मी शहाणा नाही. नदीबरोबर निघून समुद्राशी पोचण्यात जी मजा आहे ती उलटं केल्यावर राहत नाही, आणि काठच्या पॉप्लरच्या रांगा बराचसा वारा अडवतात. फ्लँडर्समध्ये अडवायला काही नाही. तिथे पवनचक्क्या उगाच बांधल्या नव्हत्या.

सोमकाठी काय बघाल

सुरुवात आमियाँपासून करा, आणि पहिली संध्याकाळ सायकलला सुट्टी. इथलं कॅथेड्रल 1220 मध्ये बांधायला घेतलं आणि मुख्य काम पन्नासेक वर्षांत उरकलं, म्हणून ते एका हातचं वाटतं. छताची कमान 42 मीटर वर आहे. पॅरिसची नोत्र-दाम आत दोनदा मावेल असं इथले लोक सांगतात, आणि आत शिरल्यावर ते ऐकून घ्यावंसं वाटतं. फरशीवर 1288 चा चक्रव्यूह आहे, काळ्यापांढऱ्या दगडांचा, त्यावरून चालत मध्यापर्यंत जाता येतं. दर्शनी भिंतीवरच्या शेकडो मूर्ती एकेकाळी रंगवलेल्या होत्या. दगड साफ करताना त्या रंगांच्या खुणा सापडल्या, आणि आता उन्हाळ्यातल्या रात्री प्रकाशाने ते रंग पुन्हा मूर्तींवर सोडतात. जूनमध्ये अंधार पडायलाच दहा वाजून जातात, तेव्हा जेवण करून निवांत जा.

सकाळी शहराच्या पूर्वेला ओर्तियोनाज. दलदलीत कालवे खणून केलेले भाजीचे मळे, सुमारे 300 हेक्टरवर पसरलेले, आणि मळ्यात जायला सपाट तळाची काळी होडी. वहिनीचा अर्धा दिवस इथेच जाणार हे मी लिहून देतो. कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच शहरात 1871 पासून राहिला आणि 1905 मध्ये इथेच वारला. त्याचं घर बघता येतं.

मग खाली निघायचं. पंधराएक किलोमीटरवर पिकिन्यी. वर पडका किल्ला, खाली नदी. 29 ऑगस्ट 1475 ला इथे फ्रान्सचा अकरावा लुई आणि इंग्लंडचा चौथा एडवर्ड नदीवरच्या पुलावर भेटले. इंग्रज फौज घेऊन आले होते, फ्रेंच पैसे घेऊन. कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता, म्हणून पुलाच्या मधोमध भक्कम लाकडी जाळी ठोकली होती, हात जाईल एवढीच भोकं ठेवलेली. दोन राजांनी त्या जाळीतून गळाभेट घेतली, तह झाला, एडवर्ड पैसे घेऊन घरी गेला. अफझलखानाची भेट पाठ असलेल्या आपल्या माणसांना त्या जाळीचं महत्त्व समजावून सांगायला नको.

पिकिन्यीनंतर काठ शांत होत जातो. कालव्याच्या लॉकपाशी, म्हणजे होड्या वर-खाली करणाऱ्या दारांपाशी, एक छोटं घर, घरापुढे फुलं, काठावर खुर्ची टाकून चार-चार गळ लावून बसलेले म्हातारे. 'बोंजूर' म्हटलं की मान हलवतात, मासे पळतील म्हणून बोलत नाहीत. लों नावाच्या गावात अठराव्या शतकातला विटा-दगडांचा शातो, म्हणजे मोठा वाडा आहे, नदीच्या अगदी वर, गावाच्या मानाने जरा जास्तच नटलेला. इथे थांबा. आबव्हिल मे 1940 च्या बॉम्बफेकीत जवळपास जळून गेलं, म्हणून मधलं गाव नवंनवं, काहीसं बेचव. पण 1488 मध्ये सुरू झालेलं सँ-व्ह्युल्फ्राँ चर्च उभं आहे. त्याच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या ज्वाळा आहेत, आणि ज्या गावाचं असं झालं तिथे त्या जरा वेळ बघवत नाहीत. वेळ असेल तर वाट सोडून दहाएक किलोमीटरवर सँ-रिकिएचा मठ करा.

आबव्हिलनंतरचे पंधरा किलोमीटर कालवा फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ आहे. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या टोकाला एकदम आकाश मोठं होतं आणि सोमची खाडी येते. भरतीला सगळं पाणी, ओहोटीला क्षितिजापर्यंत वाळू आणि चिखल, मधे सीलमाशांचे कळप. सँ-वालरीच्या जुन्या गावाला अजून वेशी आहेत. 1066 च्या सप्टेंबरात नॉर्मंडीचा विल्यम इथे जहाजं घेऊन वाऱ्याची वाट बघत अडकून पडला होता. शेवटी संताच्या अस्थी बाहेर काढून प्रार्थना केली तेव्हा वारा फिरला आणि तो इंग्लंड जिंकायला निघाला. तोंडावरच्या वाऱ्याला शिव्या देत इथवर आलेल्या सायकलवाल्याला ही गोष्ट आवडतेच. डिसेंबर 1430 मध्ये इंग्रजांच्या कैदेतली जोन ऑफ आर्क याच खाडीतून पलीकडून अलीकडे आणली गेली, पुढे रूआँला नेऊन जाळण्यासाठी. खाडी ओहोटीला पायी ओलांडता येते, पण वाटाड्याशिवाय अजिबात नाही. भरती इथे घोड्यासारखी येते. त्यापेक्षा नोयेलमार्गे ले क्रोतोयला जाणारी जुनी वाफेची गाडी घ्या.

दादाच्या लढायांसाठी मात्र नदी सोडून उत्तरेला चढावं लागेल. आल्बेर स्टेशनपासून सात-आठ किलोमीटरवर थिएपव्हाल: विटांच्या कमानींवर कमानी, आणि खांबांवर 72 हजारांहून जास्त नावं, ज्यांची धड कबरही सापडली नाही अशा सैनिकांची. वास्तुकार एडविन लट्येन्स, म्हणजे नवी दिल्लीवालाच. 1932 चं काम. तिथून पूर्वेला बाझाँतँजवळचं रान इंग्रज 'हाय वूड' म्हणत. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी तिथे भारतीय घोडदळातल्या डेक्कन हॉर्सचे स्वार भाले घेऊन उभ्या पिकातून मशीनगनवर गेले. पूना हॉर्स त्याच ब्रिगेडमध्ये होतं. आज तिथे तेच पीक उभं असतं. पाटी शोधत बसू नका, रस्त्याच्या कडेला सायकल लावा आणि रानाकडे चढत गेलेलं शेत बघा. पेरोनच्या किल्ल्यात 1992 मध्ये उघडलेलं महायुद्धाचं संग्रहालय चांगलं आहे, पण त्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला एक जास्तीचा दिवस हवा.

तिएराश: गावगढी, फक्त देवळाची

1598 चा व्हेर्व्हँचा तह शाळेत आपण शिकलो नाही, पण या भागाची किल्ली त्यात आहे. तेव्हा आजचा बेल्जियम स्पेनच्या राजाकडे होता, म्हणजे स्पेनची सरहद्द इथूनच जायची. तह झाला, मोडला, पुन्हा लढाई. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्याच्या उत्तरार्धापर्यंत या गावांवरून फौजा येत-जात राहिल्या, आणि पगार थकलेला शिपाई शत्रूचा असो की आपला, गावाला सारखाच. तटबंदी बांधायला गावकऱ्यांकडे पैसा नव्हता. गावात दगडाची, भक्कम म्हणावी अशी इमारत एकच: चर्च. मग त्यालाच विटांचा बुरूज जोडला, वरच्या मजल्यावर दालन केलं, भिंतींना बंदुकीसाठी जंग्या ठेवल्या. धाड आली की बायकापोरं, धान्य, जमतील तेवढी जनावरं आत, आणि दार बंद. पेंढाऱ्यांची हूल उठली की गाव गढीत शिरायचं, तसंच. अशी साठेक चर्चेस एवढ्याशा मुलखात अजून उभी आहेत.

प्लोमिओंचं आधी बघा. समोरून ते चर्च वाटतच नाही: मधे चौकोनी बुरूज, त्याच्या दोन अंगांना गोल बुरूज, सगळं लाल विटेचं. वरच्या दालनात चूल आहे, कारण वेढा एका दुपारचा नसायचा. ब्युरेल जवळजवळ पूर्ण विटेचं. इथे भिंतीच्या अगदी जवळ जा. काही विटा जास्त भाजून काळपट-निळ्या झालेल्या आहेत आणि त्या मुद्दाम बाजूला काढून गवंड्याने लाल भिंतीत चौकटी-शंकरपाळे विणले आहेत. डोक्यावर धाड असताना नक्षी करायला कोणाला सुचलं असेल, असा विचार मी तिथे उभा राहून बराच वेळ केला. जंगीत हात घातला तर बाहेरून चार बोटं जेमतेम जातात, आतून मात्र ती अंगभर रुंद होते. प्रिसचं मूळ देऊळ बाराव्या शतकातलं पांढऱ्या दगडाचं, आणि त्याला चिकटवलेला विटांचा बुरूज पंचवीसेक मीटर उंच. दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे. झाँतमध्ये आत 1962 मध्ये चार्ल्स आइक या डच चित्रकाराने भिंती रंगवल्या आहेत. पारफोंदव्हाल हे विटेच्या घरांचं, तळ्याचं गाव तर वहिनी फोटोत भरून आणेल. व्हेर्व्हँहून निघून यातली चार-पाच करून परत यायला चाळीस-पन्नास किलोमीटर पडतात, पूर्ण दिवस धरा.

एक अडचण: यातली बरीच चर्चेस कुलूपबंद असतात. किल्ली गावच्या मेरीत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीत, किंवा समोरच्या घरात. मेरी छोट्या गावात आठवड्यातून एक-दोनदाच उघडते. एका गावात मी दारावरची चिठ्ठी वाचत उभा होतो, तर पलीकडच्या आजी हाताला लागलेलं पीठ एप्रनला पुसत आल्या, वीतभर लांबीची किल्ली काढली, आणि मला आत सोडून परत पिठाकडे गेल्या. जाताना किल्ली खिडकीत ठेव, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दोन गावांत मात्र कोणीच भेटलं नाही, आणि बाहेरून प्रदक्षिणा घालून निघालो. हे ज्याला चालणार नाही त्याने तिएराशला येऊ नये.

आणि मग ग्वीझ. खरं तर तिएराशच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं माप हेच आहे. झाँ-बातिस्त गोदँ हा कुलूपवाल्या लोहाराचा मुलगा, 1817 चा जन्म, ओतीव लोखंडाच्या शेगड्या करून श्रीमंत झाला. 1859 पासून त्याने कारखान्याशेजारी कामगारांसाठी 'फामिलिस्तेर' बांधायला घेतलं. आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडून निघालं: ही तर चाळ! मधे प्रशस्त चौक, चारी बाजूंनी मजल्यामजल्यावर गॅलरी, गॅलरीत रांगेने दारं. फरक एवढाच, की चौकावर अख्खं काचेचं छप्पर आहे, आणि हे बांधणाऱ्याने मजल्यावर पाणी, कचरा टाकायला झडप, हवा खेळती ठेवायची सोय, शाळा, नाट्यगृह, दुकानं असा सगळा विचार आधीच केला होता. पोहण्याच्या तलावाचा तळ लाकडी, वर-खाली होणारा, म्हणजे लहान मुलं न बुडता पोहायला शिकतील. 1880 मध्ये त्याने कारखाना आणि इमारती कामगारांच्याच सहकारी संस्थेकडे द्यायची व्यवस्था केली, आणि ती 1968 पर्यंत चालली. गिरगाव-परळच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलंय त्यांनी इथे गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली बघावं. बाकी पर्यटक ज्याला प्रयोग म्हणून बघतात ते आपल्याला घर म्हणून ओळखीचं वाटतं.

वाटेत जमलं तर सँ-मिशेलचा मठ करा, तिथे 1714 चा ऑर्गन आहे. ला कापेलजवळ ओद्र्वाचा दगडही आहे: 7 नोव्हेंबर 1918 च्या रात्री जर्मन वाटाघाटीवाल्यांच्या गाड्या पांढरं निशाण लावून इथे आल्या, आणि चार दिवसांनी युद्ध थांबलं.

फ्लँडर्स, थोडक्यात

थोडक्यात अशासाठी, की तो वाईट आहे म्हणून नव्हे, पण पहिल्या खेपेला मी तिथे पाठवणार नाही. कासेलचा चौक, स्टीनवोर्दच्या लाकडी पवनचक्क्या, फ्रेंच दुर्गतज्ज्ञ व्होबाँच्या तटांनी वेढलेलं बेर्ग आणि तिथला 1944 मध्ये जर्मनांनी जाताना उडवलेला, 1961 मध्ये पुन्हा उभा केलेला घंटा-मनोरा. सगळं छान, पण तुकड्यातुकड्यांत. दोन मुक्कामांच्या मधे मका, बटाटा आणि वारा. खरी मजा एस्तामिनेत, म्हणजे गावातल्या जुन्या खानावळवजा गुत्त्यात, लाकडी खेळ खेळत बसण्यात. ती अनुभवायला सायकल लागत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र हा भाग निवडावा. बायेलहून वीस-बावीस किलोमीटर दक्षिणेला, सपाट रस्त्याने, नव्ह-शापेल. मार्च 1915 मध्ये इथे भारतीय तुकड्या लढल्या. 1927 मध्ये उभारलेल्या गोलाकार स्मारकाच्या भिंतींवर कबर नसलेल्या 4,700 हून जास्त भारतीयांची नावं आहेत. मधे कमळाचा माथा असलेला स्तंभ, बाजूला वाघ, दगडी जाळ्या. चौफेर शेतं आणि समोरून जाणारे ट्रक. घरात कोणी फौजेत असेल तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवा आणि इथे या.

पोटाचं

दादा सगळं खातो, वहिनी शाकाहारी. तिन्हीकडे मांसाहाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहाऱ्यांना फ्लामिशचा आधार: कांद्याच्या पातीसारख्या लीकची भाजलेली खारी पाई, पिकार्दीत, म्हणजे सोमच्या जुन्या प्रांतात सगळीकडे मिळते. फिसेल पिकार्द नावाचा मलईदार डोसा-पॅनकेक दिसायला निरुपद्रवी, पण आत हॅम असतं, विचारून घ्या. तिएराशकडे मारवाल चीज. वास असा की डबा उघडला की खोलीतून माणसं उठून जातात, चव मात्र मऊ, खारट-दुधाळ. त्याची गरम पाई आणि सफरचंदाची सायडर, हे जेवण मी सोमच्या कुठल्याही जेवणावरून ओवाळून टाकेन. चीज जमवायला प्राणिज विरजण लागतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा. बेकरीत गातो बात्यू मागा, उंच टोपीसारखा, अंडी-लोण्याने पिवळाधमक. फ्लँडर्समधल्या पदार्थांत बीफ आणि बिअर इतकी मुरलेली की वहिनीच्या ताटात फ्रेंच फ्राइज उरतील.

रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावांत सगळं बंद. सोमकाठी हे निभतं, कारण तासाभरात पुढचं मोठं गाव येतं. तिएराशमध्ये मी एका सोमवारी दुपारी तीनपर्यंत दोन केळ्यांवर काढले. पाणी, चिक्की आणि पंक्चरचं सामान बरोबर हवंच.

मुक्काम आणि रेल्वे

पॅरिसच्या गार द्यु नॉरहून आमियाँ सव्वा तासावर, आबव्हिल त्याच मार्गावर पुढे. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल चढवता येते, फक्त जागा मोजक्या, तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या नोकरदारांच्या गाड्या टाळा. सायकली आमियाँला आणि खाडीकाठी भाड्याने मिळतात. सँ-वालरी उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी भरतं आणि महागतं. तिथला मुक्काम मधल्या वारी ठेवा.

तिएराशला लाँ शहरामार्गे गाडीने व्हेर्व्हँ किंवा इर्सों. ग्वीझला प्रवासी रेल्वे नाही. हॉटेलं थोडी, शेतघरातल्या खोल्या बऱ्या आणि स्वस्त, पण आधी ठरवून ठेवा, आणि रात्रीचं जेवण देणार का हे त्याच फोनवर विचारा. गावात दुसरं काही नसतं. फ्लँडर्स या बाबतीत सगळ्यात सोयीचा: पॅरिसहून लील तासभर, पुढे बायेल, कासेल, बेर्ग सगळीकडे छोट्या गाड्या. कासेलचं स्टेशन मात्र टेकडीच्या पायथ्याशी आहे.

मग कुठे?

दादा-वहिनींसाठी माझं उत्तर सोम. पहिला दिवस आमियाँ, दुसऱ्या दिवशी लोंपर्यंत, तिसऱ्या दिवशी खाडी, चौथ्या दिवशी थिएपव्हाल किंवा सीलमासे, ज्यावर त्यांचं भांडण होईल. लहान मुलं बरोबर असतील, गुडघे कुरकुरत असतील, फ्रेंचचा एक शब्द येत नसेल, तरीही सोमच.

तिएराश त्याच्यासाठी, ज्याला दिवसाला पन्नास किलोमीटर चढ-उतार जड जात नाहीत, चार शब्द तोडकंमोडकं फ्रेंच बोलायची लाज वाटत नाही, आणि बंद दार बघून वैताग येत नाही. मला पुन्हा एकदाच जायला मिळणार असेल तर मी तिकडे जाईन. सोम बघून मन भरतं. तिएराशमध्ये प्रत्येक वेळी दोन-तीन चर्चेस बघायची राहूनच जातात.

दादाने हे ऐकून लगेच विचारलं, दोन्ही नाही का जमणार? पाच दिवस असतील तर जमेल: खाडी बघून रेल्वेने आमियाँला परत, तिथून लाँ, तिथे गाडी बदलून व्हेर्व्हँ, एक रात्र, एक वर्तुळ, आणि परत. ग्वीझ मग सुटतं, हे कबूल. लाँला दोन गाड्यांच्या मधे वेळ राहील असं बघा. स्टेशन सपाटीवर आणि जुनं गाव शंभर मीटर उंच कड्यावर आहे. बाराव्या शतकात बांधायला घेतलेल्या तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांतून सोळा दगडी बैल खाली वाकून बघतात, खरेखुरे, शिंगांसकट. देवळाचे दगड ज्यांनी या कड्यावर ओढून आणले त्यांची आठवण म्हणून ते वर बसवले, असं सांगतात. पोळा करणाऱ्या घरातल्या माणसांनी ते बघितल्याशिवाय पुढची गाडी पकडू नये. फक्त सायकली खाली स्टेशनपाशी लावून जा. तो चढ बैलांनाच जमावा असा आहे.